पूरवाहिनीतली भित्तिचित्रं आणि सरकारी पैसा: लॉस एंजेलिसच्या ‘ग्रेट वॉल’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरापासून शहर वाचवायला सरकार कोट्यवधी रुपये किंवा डॉलर भिंतींमध्ये घालतं आणि त्या भिंतींकडे पुढे कोणी ढुंकूनही बघत नाही. लॉस एंजेलिसमधल्या अशाच एका भिंतीवर जवळपास अर्धा मैल लांबीचं चित्र आहे. सार्वजनिक कला आणि पूरनियंत्रण यांचा विषय निघाला की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं या एका भिंतीभोवती फिरतात, कारण या विषयातले जवळजवळ सगळे वाद तिथे आधीच होऊन गेले आहेत.

ही ‘ग्रेट वॉल’ म्हणजे नक्की काय?

लॉस एंजेलिस शहराच्या उत्तर भागात सॅन फर्नांडो व्हॅली आहे. तिच्यातून तुहुंगा वॉश नावाचा ओढा वाहतो आणि पुढे लॉस एंजेलिस नदीला मिळतो. पूरनियंत्रणासाठी हा ओढा उभ्या भिंतींच्या काँक्रीटच्या वाहिनीत घातलेला आहे. व्हॅली ग्लेन भागात या वाहिनीच्या एका भिंतीवर २,७५४ फूट लांब, म्हणजे सुमारे ८४० मीटर, आणि १३ फुटांहून थोडं उंच असं भित्तिचित्र आहे. विषय आहे कॅलिफोर्नियाचा इतिहास, अगदी प्रागैतिहासिक प्राण्यांपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. १९७६ मध्ये सुरू झालेलं हे काम एकेका उन्हाळ्यात पुढे सरकत १९८३ पर्यंत चाललं. २०१७ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

लॉस एंजेलिस तर कोरडं शहर. तिथे पूर कुठून येतो?

हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडणारच. तिथे वर्षाला सरासरी पाऊस पडतो जेमतेम ३७० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, यावरून अंदाज यावा.

पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. शहराच्या डोक्यावर सॅन गॅब्रिएल पर्वतरांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर ३,००० मीटरच्या वर आहे आणि तिथून समुद्र फार लांब नाही. हिवाळ्यात एखादं मोठं वादळ आलं की डोंगरावरचं पाणी दगडगोटे, माती, झाडं घेऊन काही तासांत खाली येतं. सपाटीवर नदीला ठरलेली वाट नव्हती. १८२५ च्या पुरात तर तिने समुद्राला मिळण्याची जागाच बदलली होती. वर्षातले बरेच महिने वाळूचा पट्टा दिसणार आणि एखाद्या आठवड्यात तिथेच लोंढा येणार. जमीन विकणाऱ्यांना तो पट्टा मोकळा प्लॉट वाटला आणि लोकांनी तिथे घरं बांधली.

मग अख्खी नदीच काँक्रीटमध्ये घालायचं कोणी ठरवलं?

एका दिवसात ठरलं नाही. १९१४ च्या पुरानंतर १९१५ मध्ये राज्याच्या कायद्याने लॉस एंजेलिस काउंटीसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पूरनियंत्रणाचं स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. १९३० मध्ये शहरापुढे वेगळा प्रस्तावही आला होता: नदीकाठी उद्यानांचे रुंद पट्टे सोडा, पाण्याला पसरायला जागा द्या. ऑल्मस्टेड आणि बार्थोलोम्यू या नगररचनाकारांच्या कचेऱ्यांनी तयार केलेला तो अहवाल फडताळात गेला. मला विचाराल तर या शहराच्या इतिहासातली ही सर्वांत महागडी चूक.

१९३४ च्या नववर्षदिनी पुन्हा पूर आला. मग फेब्रुवारीअखेर आणि मार्च १९३८ च्या सुरुवातीला जो आला, त्यात शंभराहून जास्त माणसं गेली, पूल वाहून गेले आणि ऑस्करचा समारंभसुद्धा आठवडाभर पुढे ढकलावा लागला. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने केंद्र सरकारचा पैसा आधीच मोकळा झाला होता. त्यातून ‘आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स’ या लष्कराच्या अभियंता विभागाने काम हाती घेतलं. तुहुंगा वॉशवरचं हॅन्सन धरण १९४० मध्ये पूर्ण झालं, मुख्य नदीवरचं सेपुल्वेडा धरण १९४१ मध्ये. साधारण १९६० पर्यंत ५१ मैलांच्या नदीचा बहुतेक भाग काँक्रीटचा झाला. भूजल वर असलेला ग्लेनडेल नॅरोजचा पट्टा, सेपुल्वेडा खोरं आणि समुद्राजवळचं मुख, एवढ्याच ठिकाणी तळ मातीचा राहिला.

पूरनियंत्रण म्हणून हे काम यशस्वी आहे, हे मान्य करायला हवं. १९३८ सारखा हाहाकार तिथे पुन्हा झालेला नाही. पण ती नदी आहे हेच लोक विसरले. तारांचं कुंपण, ‘आत येऊ नये’ची पाटी आणि आत राखाडी उतार, एवढंच उरलं.

लष्कराच्या अभियंत्यांना चित्र काढून घ्यावंसं कसं वाटलं?

वाहिनीच्या काठाने छोटी बाग आणि सायकलमार्ग करायचा होता. त्या सुशोभीकरणात भिंतीवर काही काढता येईल का, अशी विचारणा आर्मी कोअरने १९७४ मध्ये ज्युडी बाका यांच्याकडे केली.

बाका यांचा जन्म १९४६ चा, लॉस एंजेलिसचाच. मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबातल्या. बॉइल हाइट्स भागात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांमधल्या मुलांना एकत्र आणून त्यांनी आधी भित्तिचित्रं केली होती. आर्मी कोअरने भिंत दाखवली आणि बाका यांना तिथे शोभेची नक्षी नाही, इतिहास दिसला. नदीला काँक्रीटमध्ये घालणं ही जमिनीवरची जखम आहे आणि तिच्या व्रणावर आपण गोंदण करतो आहोत, असं त्या या कामाबद्दल सांगत आल्या आहेत. १९७६ मध्ये त्यांनी क्रिस्टिना श्लेसिंजर आणि डोना डाइच यांच्याबरोबर ‘स्पार्क’ ही संस्था काढली. व्हेनिस भागातल्या जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत, जिथे पूर्वी कोठड्या होत्या, तिथे तिचं काम चालतं.

चित्र प्रत्यक्ष कोणी काढलं?

पोराटोरांनी. पहिल्या उन्हाळ्यात ८० तरुण मुलंमुली होती, बरोबर दहा चित्रकार आणि इतिहासाचे पाच जाणकार. त्या एका हंगामात सुमारे १,००० फूट भिंत झाली. सगळे उन्हाळे मिळून चारशेहून जास्त मुलांचे हात या भिंतीला लागले. कित्येक जण बालगुन्हेगारीच्या खटल्यांतून पाठवलेले होते. उन्हाळी रोजगाराच्या सरकारी योजनेतून मुलांना कामाचे पैसे मिळत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ‘मुलांना संधी दिली’ म्हणत फुकट राबवून घेणारे उपक्रम आपण पुष्कळ पाहतो.

कामाची रीत साधी आणि कष्टाची होती. आधी विषयावर वाचन, जाणकारांशी बोलणं, तो काळ स्वतः भोगलेल्या माणसांच्या मुलाखती. त्यातून छोटं रेखाटन. मग भिंत धुऊन घासायची, अस्तर लावायचं, चौकटी पाडायच्या आणि रेखाटनातली एकेक चौकट मोठी करत भिंतीवर उतरवायची. खाली काँक्रीट, समोर काँक्रीट, डोक्यावर सॅन फर्नांडो व्हॅलीचं ऊन. वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या वर्णांची मुलं त्या खड्ड्यात एकाच ओळीत उभी राहून रंगवत होती. चित्राइतकंच महत्त्व बाका यांनी याला दिलं.

भिंतीवर आहे तरी काय?

सुरुवातीला नामशेष झालेले प्राणी, मग इथले मूळ रहिवासी, स्पॅनिश लोकांचं आगमन, सोन्याच्या शोधातली धावाधाव, रेल्वे बांधणारे चिनी मजूर. पाठ्यपुस्तकात असतं तसंच वाटतं. पण जसजसं पुढे चालत जावं तसतशी माणसं बदलतात. १९३० च्या दशकात मेक्सिकन वंशाच्या लोकांना, त्यात अमेरिकेत जन्मलेलेही आले, गाडीत घालून सीमेपार पाठवलं गेलं, ते इथे आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेही आहे.

एका भागापाशी मी तुम्हाला थांबायला सांगेन. तो आहे वस्त्यांची फाळणी आणि चावेझ रवीन यांचा. महामार्गाचे काँक्रीटचे पट्टे सापासारखे वळत येतात आणि एकाच घरातल्या माणसांना वेगळं करतात. वरून बेसबॉलचं स्टेडियम उडत्या तबकडीसारखं खाली उतरतं. चावेझ रवीन ही मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची वस्ती होती. १९५० च्या दशकात ती उठवली आणि तिथल्या डॉजर स्टेडियमचं उद्घाटन १९६२ मध्ये झालं. काँक्रीटने वस्ती कशी कापली हे ज्या भिंतीवर काढलं, ती भिंत स्वतः नदी कापणाऱ्या काँक्रीटची आहे. नदी आणि वस्ती या दोन्ही गोष्टी त्याच दशकांत, विकासाच्या त्याच कल्पनेखाली गेल्या. हे चित्र एखाद्या संग्रहालयात टांगलं असतं तर हा संबंध असा अंगावर आला नसता.

सरकारी भिंतीवर सरकारच्या चुका कशा काढू दिल्या?

याचं एक उत्तर असं, की वाहिनी कोणाच्या नजरेत नव्हती. दुसरं असं, की प्रत्येक प्रसंगामागे अभ्यास होता. घडलेल्या गोष्टी होत्या, घोषणा नव्हत्या. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं: पैसे देणारे अनेक होते. केंद्र, काउंटी, शहर, देणगीदार. एकाच खात्याच्या मर्जीवर काम अवलंबून असतं तर एखादा प्रसंग सहज गाळला गेला असता.

रंगामुळे पाणी वाहायला अडथळा होत नाही का?

नाही. रंगाचा थर इतका पातळ असतो की वहनक्षमतेवर त्याचा परिणाम होत नाही. अडथळा होतो तो भिंतीतून बाहेर आलेल्या वस्तूंचा, म्हणून पूरवाहिनीत उठावाचं काम किंवा पुतळे टाळतात.

आणि पाण्यामुळे रंग जात नाही का?

जातो, पण त्याहून जास्त उन्हाने जातो. तिथला पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये पडतो. उन्हाळ्यात वाहिनी जवळपास कोरडी असते, म्हणूनच सगळं काम उन्हाळ्यात झालं. पण उन्हाने रंग फिका पडतो, पोपडे निघतात, आणि हिवाळ्यात पाणी गाळ घेऊन भिंतीला घासत जातं. पंचवीस-तीस वर्षांत चित्राची दशा झाली होती. मग मोठी दुरुस्ती झाली, ती २०११ मध्ये पूर्ण झाली.

इथे सगळ्याच सार्वजनिक कलेचं दुखणं येतं. उद्घाटनाला पैसे असतात, देखभालीला नसतात. पंपाला तेलपाणी लागतं हे कोणत्याही अभियंत्याला पटवावं लागत नाही, त्याची तरतूद अंदाजपत्रकात आपोआप येते. त्याच भिंतीवरच्या चित्राला मात्र दर वेळी नव्याने हात पसरावा लागतो.

पूरनियंत्रणाचा पैसा पूरनियंत्रणावरच खर्च करावा. चित्रांची चैन कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि टाळून चालणार नाही. पंप बंद असेल आणि भिंत रंगवली जात असेल तर लोकांनी चिडायलाच हवं.

पण आकड्यांचं प्रमाण बघा. अमेरिकेत अनेक शहरांत सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातला साधारण एक टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम आहे. फिलाडेल्फियाने तो १९५९ मध्ये आणला. लॉस एंजेलिस काउंटीने २००४ मध्ये आपल्या बांधकामांसाठी एक टक्क्याचं धोरण स्वीकारलं. उरलेले ९९ टक्के काँक्रीट, लोखंड आणि यंत्रांवरच जातात. त्या एका टक्क्यात लोकांना भिंतीपाशी यायला कारण मिळतं. ज्या वाहिनीकडे लोक रोज बघतात, तिथली भेग, तिथला कचरा, तिथलं अतिक्रमण लवकर लक्षात येतं आणि त्याची तक्रार होते. माझा आग्रह एवढाच, की हा टक्का आराखड्याच्या पहिल्या दिवशी ठरावा. काम संपल्यावर उरलेल्या पैशात चार फुलं रंगवून घेणं ही सार्वजनिक कला नव्हे.

म्हणजे कोणीही येऊन भिंत रंगवावी का?

लॉस एंजेलिस नदीवर हा झगडा वर्षानुवर्षं चालू आहे. १९९७ मध्ये सेबर नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने नदीच्या काँक्रीटच्या उतारावर स्वतःचं नाव रंगवलं, तेही इतकं अवाढव्य की ते ग्राफिटी जगतात प्रसिद्ध झालं. परवानगी अर्थातच नव्हती. २००९ मध्ये मंदीतून सावरण्यासाठी दिलेल्या केंद्रीय निधीतून आर्मी कोअरने ते रंग लावून पुसलं.

विनापरवाना कामाची तरफदारी मी करणार नाही. वाहिनीत उतरणं जिवावर बेतू शकतं. पण दोन्ही प्रसंगांत विभाग एक, काँक्रीट तेच, आणि एका ठिकाणी सरकारी पैसा चित्र काढायला गेला तर दुसऱ्या ठिकाणी पुसायला. परवानगीची सोपी, लोकांना ठाऊक असलेली पद्धत असती तर पुसण्याचा खर्च थोडा तरी वाचला असता.

चित्रांमुळे नदीचं काही भलं झालं का?

एका चित्राने नदी सुधारली असं म्हणणं खोटं ठरेल. पण नदीची चळवळ कलाकारांनी पेटवली, हे खरं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात लुईस मॅकअ‍ॅडम्स हे कवी मित्रांबरोबर कुंपणाची तार कापून नदीत उतरले. त्यातून १९८६ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द एल. ए. रिव्हर’ ही संघटना उभी राहिली. ही चाळीस वर्षांची कलाकृती आहे, असं ते म्हणत. २०२० मध्ये ते वारले. तोवर शहराचा २००७ चा नदी पुनरुज्जीवन आराखडा येऊन गेला होता. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने लॉस एंजेलिस नदी ‘नौवहनयोग्य’ असल्याचं मान्य केलं, त्यामुळे तिच्या खोऱ्याला शुद्ध जल कायद्याचं संरक्षण पक्कं झालं. २०२२ मध्ये काउंटीने नवा आराखडा मंजूर केला.

पैशाची दिशाही बदलली. २०१८ मध्ये काउंटीतल्या मतदारांनी ‘मेझर डब्ल्यू’ या करप्रस्तावाला कौल दिला. आपल्या जागेत पाणी न मुरणारं जेवढं क्षेत्र, म्हणजे छप्पर, फरसबंदी वगैरे, त्याच्या दर चौरस फुटाला अडीच सेंट कर. त्यातून वर्षाला २८ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमते आणि ती पावसाचं पाणी अडवणं, मुरवणं, स्वच्छ करणं यावर खर्च होते. काँक्रीट घालणाऱ्यानेच पाणी मुरवण्याचा खर्च द्यावा, हा विचार मला फार आवडतो. तुहुंगा वॉशच्या काठीही काही अंतर असं काम झालं आहे: वाहिनीतलं थोडं पाणी वर आणून झाडांमधून वाहणाऱ्या ओहोळात सोडलं जातं आणि ते जमिनीत मुरतं.

कलाकृतीच पूर अडवते, असं कुठे आहे का?

आहे. सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला केंट नावाचं शहर आहे. १९७९ मध्ये किंग काउंटीच्या कला आयोगाने बिघडलेल्या जमिनी शिल्पकलेतून सावरण्याचा उपक्रम घेतला. त्यातून बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या परंपरेतले कलाकार हर्बर्ट बायर यांनी मिल क्रीक खोऱ्यात मातीचे बांध, शंकू आणि वर्तुळाकार तळी रचली. १९८२ मध्ये हे काम पूर्ण झालं. एरवी तिथे लोक गवतावर बसतात, मुलं बांधांवरून धावतात. जोराचा पाऊस झाला की तीच जागा पाणी धरून ठेवते आणि खालच्या गावात हळूहळू सोडते.

पुढची गोष्ट अभियंत्यांनी वाचावी अशी आहे. आपल्याकडे जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. केंटमधल्या बांधाचा निकष असाच १०० वर्षांचा होता. पण बांध गावाच्या डोक्यावर असल्याने धरणसुरक्षेच्या नियमांनी तो १०,००० वर्षांवर नेला. एकीकडे सुरक्षा, दुसरीकडे नावाजलेली कलाकृती. २००८ मध्ये शहराने तिला वारसा दर्जा दिला आणि बायर यांची मूळ रचना राखून नव्या निकषाची कामं केली. दोन्ही खाती एका टेबलावर बसली की असं होऊ शकतं.

महाराष्ट्रात असं काही करायचं झालं तर?

हंगाम उलटा धरावा लागेल. तिथे उन्हाळ्यात वाहिनी कोरडी, आपल्याकडे नेमका जून ते सप्टेंबर पाण्याचा. म्हणजे कामाला दिवाळीपासून मेपर्यंतचा काळ. आणि विषय दूर शोधायला नको. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरही सांगतं. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, कोणाच्या घरात किती दिवस होतं, कोणी कोणाला बाहेर काढलं, हे सांगणारी माणसं आज आहेत. बाका यांच्या मुलांनी केलं तसं आधी त्यांच्याकडे जाऊन ऐकावं, ब्रश नंतर उचलावा.

‘ग्रेट वॉल’चं काम पुढे चालू आहे का?

हो. २०२१ मध्ये मेलन फाउंडेशनने त्यासाठी ५० लाख डॉलर दिले. १९६० च्या दशकापासून पुढचा इतिहास आता रंगवला जात आहे. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कला संग्रहालयातल्या प्रदर्शनात बाका आणि त्यांचे सहकारी नवे भाग प्रेक्षकांसमोर रंगवत होते. नवे भाग कापडासारख्या पटावर रंगवून नंतर भिंतीला चिकटवण्याची पद्धत आहे, त्यामुळे महिनोन्महिने वाहिनीत उभं राहावं लागत नाही. २०२३ मध्येच बाका यांना अमेरिकेचं राष्ट्रीय कला पदक प्रदान झालं.

पाहायला जायचं तर?

लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजच्या शेजारी, कोल्डवॉटर कॅनियन अ‍ॅव्हेन्यूवर, बरबँक बुलेव्हार्ड आणि ऑक्सनार्ड स्ट्रीट यांच्या मध्ये. तिकीट नाही. मेट्रोच्या जी लाइन या बसमार्गावर व्हॅली कॉलेज स्थानक आहे, तिथून चालत जाता येतं, त्यामुळे मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या आणि गाडी न चालवणाऱ्या आईवडिलांनाही जमण्यासारखं आहे. चित्र समोरच्या काठावरच्या वाटेवरून, कुंपणाबाहेरून बघायचं. काळाच्या क्रमाने बघायचं तर प्राण्यांच्या टोकापासून सुरुवात करा. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. वाहिनीत उतरू नका, आभाळ निरभ्र असलं तरी नाही, कारण वर डोंगरात पडलेला पाऊस इथे पोचायला वेळ लागत नाही.